अठरावी प्लेट

वहीतलं ते पान अजून माझ्याकडे आहे. डावीकडे १ ते २० असे क्रमांक आणि त्यांच्यासमोर मोजलेल्या बॅक्टेरियांच्या कॉलन्या, म्हणजे ठिपक्याएवढ्या वसाहती: ०, २, १, ०, ७, १, ३, ०, १, १४, २, ५, १, ०, ३, १, ८, १०७, २, ४. त्यातल्या १०७ वर निळ्या पेनाची एक आडवी रेघ, शेजारी बारीक अक्षरात 'कंटॅमिनेशन?' आणि खाली सरासरी २.९. निदान प्रश्नचिन्ह तरी दिलं होतं. त्या पानावर माझ्या बाजूनं बोलण्यासारखं तेवढंच आहे.

इचलकरंजीत वाढले, कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठातून फिजिक्समध्ये एम.एस्सी. केलं आणि मग पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत पीएच.डी.ला आले, तीही मॉलिक्युलर बायॉलॉजीत. जाहिरातीत 'विज्ञानाची कोणतीही शाखा' असं लिहिलं होतं. ते मी शब्दशः घेतलं. घरी मात्र कुणाला पटेना. आई म्हणाली, "दोन वर्षं ते अणू-रेणू केलंस, आता पुन्हा बारावीचं बायॉलॉजी?" तात्या, म्हणजे माझे चुलते, यंत्रमागावर आयुष्य गेलेला माणूस. त्यांनी एकच विचारलं, "पगार देत्यात न्हवं?" फेलोशिप मिळते म्हटल्यावर त्यांचा विषय संपला.

पहिल्या सहामाहीत सगळ्यांना एकत्र प्रॅक्टिकल होतं. आम्ही नऊ जण होतो: चार मायक्रोबायॉलॉजीचे, दोघं केमिस्ट्रीचे, एक बी.टेक., एक व्हेटर्नरीचा आणि मी. दुसऱ्याच आठवड्यात तो प्रयोग आला. वीस नळ्या घ्यायच्या, प्रत्येकीत ई. कोलायचे शंभर-दोनशे बॅक्टेरिया सोडायचे आणि रात्रभर वाढू द्यायचे. सकाळपर्यंत नळीगणिक साधारण वीस कोटी होतात. मग प्रत्येक नळीतलं सगळं कल्चर आपापल्या प्लेटवर पसरायचं. प्लेटच्या आगरमध्ये, म्हणजे जेलीसारख्या खाद्यात, रिफाम्पिसिन हे बॅक्टेरिया मारणारं औषध घातलेलं असतं, त्यामुळे तिला किंचित नारिंगी झाक येते. वीस कोटींतले जवळजवळ सगळे मरतात. जो एखादा औषधाला दाद देत नाही, तो वाढतो आणि दोन दिवसांत त्याची टाचणीच्या डोक्याएवढी कॉलनी दिसते. त्या मोजायच्या.

अठराव्या प्लेटवर मोजता मोजता माझा मार्कर झिजला. बाकीच्या प्लेटांवर दोन, तीन, फार तर चौदा, आणि इथं एकशेसात. काहीतरी चुकलंय हे मला लगेच कळलं, किंवा कळलंय असं वाटलं. औषध टाकायचं राहिलं असेल, नाहीतर माझाच हात लागला असेल. प्लेट टाकाऊच्या पिशवीत गेली, पिशवी ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेनं जंतू मारणाऱ्या यंत्रात, गेली, आणि वहीतल्या आकड्यावर मी रेघ ओढली.

यात माझ्या विषयाचा दोष नव्हता, सवयीचा होता. बी.एस्सी.ला लंबकाचा प्रयोग केलेल्या कुणालाही ही सवय ठाऊक असेल. गुरुत्वत्वरण ९.८ यायला पाहिजे हे माहीत असतं. नऊ रीडिंग जमतात, दहावं भलतीकडे जातं, आणि दहावं जर्नलमध्ये येतच नाही. काहींची रीडिंग तर उत्तरावरून मागे मागे येत तयार व्हायची. तेवढी मजल मी मारली नव्हती, पण वेडंवाकडं दिसलं की ते काढून टाकायचं, हे हातात मुरलेलं होतं.

प्रॅक्टिकल घेणाऱ्या मॅडमनी वही पाहिली. रागावल्या नाहीत. "खोडलेलं वाचता येतंय, हे बरं केलंत," एवढंच म्हणाल्या. प्रयोगवहीत व्हाइटनर लावायचा नाही, गिरगटायचं नाही, एकच रेघ मारायची, हा नियम आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितला होता. तेव्हा मला तो कारकुनी वाटला होता. "आता १०७ धरून सरासरी काढा." ८.१ आली. "व्हेरिअन्स?" म्हणजे आकडे सरासरीभोवती किती विखुरलेत त्याचं माप. पाचशेच्या वर. "आणि न धरता?" साडेबारा. मॅडम थांबल्या. मीही थांबले, कारण आता माझ्याच विषयातली गोष्ट माझ्यासमोर येऊन उभी राहिली होती. घटना विरळ असतील आणि एकमेकींशी संबंध नसताना घडत असतील, तर मोजणी पॉयसाँच्या नियमानं चालते आणि व्हेरिअन्स सरासरीएवढाच येतो. किरणोत्सर्गाचे काउंट्स मोजताना मी हे शंभरदा केलं होतं. इथं १०७ वगळूनसुद्धा व्हेरिअन्स सरासरीच्या चौपट होता. म्हणजे ज्या एकोणीस प्लेटा मी 'चांगल्या' म्हणून ठेवल्या, त्यासुद्धा तेच ओरडून सांगत होत्या. मीच ऐकलं नव्हतं.

हा प्रयोग १९४३ चा. साल्वादोर लुरिया हे इटलीतून परागंदा झालेले डॉक्टर तेव्हा अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात होते. मॅक्स डेलब्रुक जर्मन भौतिकशास्त्रज्ञ, पूर्वी बर्लिनमध्ये लीझ माइट्नर यांचे सहायक, आणि आता नॅशव्हिलला. प्रश्न होता बॅक्टेरियांना मारणाऱ्या विषाणूंचा, म्हणजे फेजचा. फेज सोडले की बॅक्टेरिया पटापट मरतात, पण काही तगतात. ही प्रतिकारशक्ती फेजशी गाठ पडल्यावर येते, की ती काहींच्या अंगात आधीपासूनच असते? बॅक्टेरियांना जनुकं असतात की नाही, याचीच तेव्हा अनेकांना शंका होती. लुरिया एका नाचाच्या कार्यक्रमात स्लॉट मशीनजवळ उभे होते. एक सहकारी त्यात नाणी घालत होता आणि गमावत होता, आणि मग एकदम खळखळून पैसे पडले. बहुतेकदा काहीच नाही आणि मधूनच घबाड! लुरियांच्या डोक्यात उजेड पडला. प्रतिकारशक्ती फेजमुळे येत असेल तर प्रत्येक नळीला संधी सारखीच, म्हणून आकडेही साधारण सारखे येतील. पण बदल आधीच, वाढ चालू असताना घडत असेल, तर तो कधी घडला यावर सगळं अवलंबून. शेवटच्या विभाजनात घडला तर एक-दोन कॉलन्या. सुरुवातीच्या एखाद्या विभाजनात घडला तर त्याची पोरं-नातवंडं-पणतवंडं मिळून शेकड्यानं. लुरियांनी प्रयोग केला, डेलब्रुकना पत्र लिहिलं, आणि डेलब्रुकनी त्याचं गणित मांडून दिलं.

माझी अठरावी प्लेट म्हणजे ते घबाड होतं. उत्तर सरासरीत नव्हतंच, ते विखुरण्यात होतं. आणि मी नेमकं तेच कचऱ्यात टाकलं होतं.

मॅडमनी आणखी एक दाखवलं. "मोकळ्या प्लेटा किती?" चार. माझ्या लेखी त्या फुकट गेलेल्या. "वीसांत चार मोकळ्या. आता पॉयसाँ वापरा." शून्य येण्याची शक्यता एक पंचमांश, म्हणजे नळीमागे सरासरी १.६ बदल. त्याला वीस कोटींनी भागा. दर विभाजनामागे साधारण बारा कोटींत एक. पदार्थांना हात न लावता, नुसत्या रिकाम्या ताटल्या मोजून जेवण कसं होतं ते सांगण्यासारखं हे. या उत्तराला १०७ लागलेही नसते, आणि नेमकं तिथं माझं फिजिक्स कामाला आलं.

आंतरविद्याशाखीय प्रशिक्षण म्हणजे काय, असं मला विचारलं तर मी या पानाकडे बोट दाखवीन. बाहेरून वाटतं की दोन-तीन विषय शिकायचे आणि बेरीज करायची. पण माहिती पुस्तकात मिळते, ती मिळायला वेळ लागतो एवढंच. अवघड असतं ते दुसऱ्या विषयाच्या लोकांना कशाची अडचण वाटते आणि कशाची वाटत नाही, हे अंगात भिनणं. मी ज्याला गोंगाट म्हणत होते, ती त्यांची बातमी होती. उलटही व्हायचं. आमच्यातल्या मायक्रोबायॉलॉजीच्या एका मित्रानं पुढे एका प्रयोगात तीनपैकी तीन वेळा जमलं म्हणून उड्या मारल्या. तीन या आकड्यात उड्या मारण्यासारखं काय आहे, ते मला कळेना. आम्ही तासभर भांडलो, आणि भांडून झाल्यावर दोघांनी मिळून आणखी सात वेळा तो प्रयोग केला.

शब्दांचा घोळ तर वेगळाच. वेक्टर म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर बाण. क्लोनिंगवाल्यांचा वेक्टर म्हणजे डीएनए वाहून नेणारा प्लाझ्मिड, म्हणजे डीएनएचंच छोटंसं कडं, आणि व्हेटर्नरीवाल्याचा वेक्टर म्हणजे गोचीड. 'मॉडेल' म्हणजे माझ्याकडे समीकरण, शेजारच्या लॅबमध्ये उंदीर, आणि क्रिस्टलवाल्यांकडे नकाशात बसवलेले अणू. न्यूक्लियसच्या बाबतीत मात्र मराठीनं बाजी मारली आहे: फिजिक्सला अणुकेंद्र, बायॉलॉजीला केंद्रक, घोटाळ्याला जागाच नाही. हे मी एकदा जर्नल क्लबमध्ये, म्हणजे शोधनिबंधांवरच्या चर्चेत, सांगितलं, तर तिघं मराठी मित्र हसले आणि बाकीचे चहाची वाट बघत बसले.

डेलब्रुकना हा घोळ चांगला ठाऊक असणार. १९४४ मध्ये त्यांनी फेजवर काम करणाऱ्यांशी एक समझोता केला: सगळ्यांनी एकच बॅक्टेरिया आणि टी-१ ते टी-७ हे सातच फेज वापरायचे, म्हणजे एकाचा निकाल दुसऱ्याशी ताडून पाहता येईल. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कजवळच्या कोल्ड स्प्रिंग हार्बरला त्यांनी उन्हाळी फेज कोर्स सुरू केला. प्रवेशासाठी गणिताची छोटीशी परीक्षा असे. बायॉलॉजीवाल्यांनी आकडेमोड करायची, फिजिक्सवाल्यांनी हातानं पिपेटिंग करायचं, आणि काही आठवड्यांनी सगळे एका भाषेत भांडायला लागायचे. १९४८ च्या उन्हाळ्यात तिथं सेमूर बेंझर आले. ते पर्ड्यू विद्यापीठाचे, जर्मेनियम या अर्धवाहकावर काम केलेले. ते फिजिक्सकडे परत गेलेच नाहीत.

हे नाव पुढे आपल्याकडेही येतं. ओबेद सिद्दिकी मूळचे वनस्पतिशास्त्राचे. दिल्लीत गव्हाच्या आनुवंशिकीवर काम करत असताना गारपिटीनं त्यांचं पीक झोडपलं आणि ते ग्लासगोला बुरशीच्या आनुवंशिकीकडे वळले. (गारपिटीनं पीक गेलेला माणूस आणि त्यापुढचा हिशेब महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगावा लागत नाही.) १९६२ मध्ये होमी भाभांनी त्यांना मुंबईला कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, बोलावलं. फिजिक्स आणि गणिताच्या संस्थेत एका भौतिकशास्त्रज्ञानं जीवशास्त्राला घर दिलं. सत्तरच्या दशकात सिद्दिकींनी अमेरिकेत कॅलटेकला बेंझरबरोबर फळमाश्यांवर काम केलं. तापमान वाढलं की लुळ्या पडणाऱ्या आणि गारव्यात पुन्हा चालू लागणाऱ्या माश्या त्यांनी शोधल्या. मग मुंबईत त्यांच्याकडे वेरोनिका रॉड्रिग्ज पीएच.डी.ला आल्या. गोव्याच्या कुटुंबातल्या, जन्म केनियातला, पदवी डब्लिनची. माशीला वास आणि चव कशी कळते, हा त्यांचा विषय झाला. फेजच्या कोर्सपासून कुलाब्याच्या माश्यांपर्यंत असा हा धागा आहे, आणि त्याचं एक टोक माझ्याही हातात सहा आठवडे होतं.

कारण माझं दुसरं रोटेशन माश्यांच्या लॅबमध्ये होतं. पहिल्या वर्षी कुणालाच थेट गाइड मिळत नाही, तीन लॅबमध्ये सहा-सहा आठवडे काढायचे आणि मग ठरवायचं. पहिल्या लॅबमध्ये मी प्रथिनांचे स्फटिक करायला गेले. चार अंशांच्या कोल्डरूममध्ये स्वेटर घालून बसायची आणि सहा आठवड्यांत मिठाशिवाय कशाचाही स्फटिक मिळवला नाही. तिसरं रोटेशन कॉम्प्युटरवर होतं. त्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही, खुर्ची चांगली होती.

माश्यांच्या खोलीत शिरलं की पहिल्यांदा वास येतो: मक्याचं पीठ, साखर आणि यीस्ट शिजवल्याचा, थोडा आंबवणीसारखा, थोडा जत्रेतल्या उसाच्या गुऱ्हाळासारखा. भिंतीवर ट्रे आणि ट्रेमध्ये शेकडो कुप्या. मला वाटलं होतं प्रयोग म्हणजे मोजमाप. पहिला आठवडा गेला माश्या ओळखण्यात. कार्बन डायऑक्साइड सोडून माश्यांना झोपवायचं, सूक्ष्मदर्शीखाली रंगाच्या ब्रशानं अलगद बाजूला सारायचं: नर इकडे, मादी तिकडे. संकरासाठी नराचा स्पर्श न झालेल्या माद्या लागतात. कोशातून बाहेर आल्यावर साधारण आठ तास मादी नराला जवळ येऊ देत नाही, म्हणून सकाळी एकदा आणि रात्री एकदा येऊन त्या वेचाव्या लागतात. लॅबमधल्या सीनियर ताई रात्री दहाला स्कूटरवरून यायच्या, पर्स टेबलावर टाकायच्या आणि अर्ध्या तासात दोनशे माश्या निवडून जायच्या. मला तेवढ्याच वेळात तीस व्हायच्या, त्यातही चार नर निघायचे. "त्यांच्या पोटाकडं बघू नकोस, पुढच्या पायावरचा काळा कंगवा बघ," ताई म्हणाल्या. नराच्या पुढच्या पायावर बारीक काळ्या केसांची ओळ असते. ती एकदा दिसली की मग ती दिसतच राहते. कुठल्याही समीकरणानं मला इतका आनंद दिला नव्हता, हे लिहिताना थोडी लाज वाटते, पण खरं आहे.

पंचविशीत पुन्हा पहिलीत बसणं सोपं नसतं. ते आपल्यालाच करावं लागतंय असं वाटायला लागलं की मी वेंकी रामकृष्णन यांची आठवण काढायची. बडोद्यात फिजिक्समध्ये बी.एस्सी., १९७६ मध्ये ओहायो विद्यापीठातून फिजिक्सचीच पीएच.डी., आणि त्यानंतर सान दिएगोला बायॉलॉजीच्या पहिल्या वर्षाच्या मुलांबरोबर पुन्हा विद्यार्थी म्हणून दोन वर्षं. दुसरी पीएच.डी. त्यांनी पुरी केली नाही, तिची गरजच नव्हती. रायबोसोमच्या, म्हणजे पेशीतल्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्राच्या, रचनेसाठी २००९ मध्ये त्यांना नोबेल मिळालं, तेही केमिस्ट्रीचं. त्यांच्या आधीच्या पिढीत मद्रासला जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी कोलॅजेन या कातडी-हाडांतल्या प्रथिनाची तिपेडी रचना १९५४ मध्ये मांडली. हेही फिजिक्सवाले. तिपेडी वेणी रोज घालणाऱ्या देशात ती उलगडावी, यात नवल नाही असं मी एकदा भाषणात म्हणाले होते. समोर बसलेल्या प्राध्यापकांना ते आवडलं नाही.

अशी मोठी नावं घेतली की रस्ता उजळ दिसतो. प्रत्यक्षात त्यावर खड्डे पुष्कळ. पीएच.डी.नंतर एका महाविद्यालयात मुलाखतीला गेले होते. फिजिक्सच्या जागेला माझी पीएच.डी. चालेना आणि झूलॉजीच्या जागेला माझी एम.एस्सी. चालेना. पॅनेलमधल्या एका गृहस्थांनी फाइल दोनदा उलटसुलट केली आणि अगदी सौजन्यानं विचारलं, "पण मॅडम, तुम्ही स्टाफरूममध्ये बसणार कुठल्या डिपार्टमेंटच्या टेबलाला?" मी हसले. ते गमतीनं विचारत नव्हते. टीआयएफआरच्या बायॉलॉजी प्रवेश परीक्षेच्या नावातच 'इंटरडिसिप्लिनरी लाइफ सायन्सेस' हे शब्द आहेत, पण भरतीच्या जाहिरातीतला 'संबंधित विषय' हा रकाना अजून जुन्याच मापाचा आहे. मुलांना दोन दारांच्या मधे उभं करायचं आणि दोन्ही दारांवर वेगवेगळी कुलुपं ठेवायची, हे बरोबर नाही. आणि सहा आठवड्यांची तीन रोटेशनं केली की माणूस आंतरविद्याशाखीय होतो, असं कुणी म्हणत असेल तर त्यानं एकदा माझे स्फटिक बघावेत.

आता मी दुसऱ्या एका संस्थेत शिकवते. टेबल मिळालं. दर ऑगस्टला नव्या बॅचला हाच वीस नळ्यांचा प्रयोग देते आणि काय येणार ते सांगत नाही. घबाड प्रत्येक वेळी येतंच असं नाही. त्या पहिल्या खेपेनंतर मी स्वतः प्रयोग पुन्हा केला, तेव्हा सगळ्यात मोठा आकडा ११ आला होता. पण बॅचमध्ये कुणाच्या तरी वहीत तो येतो, आणि कुणीतरी त्यावर रेघ मारतं. ही रेघ मारणारी मुलं आता बहुतेक बायॉलॉजीचीच असतात. नीटनेटक्या निकालाची सवय ही कुठल्या एका विषयाची मक्तेदारी नाही.

मागच्या दिवाळीत घरी गेले तेव्हा तात्यांनी विषय काढला. २०१० च्या सुमारास त्यांना टीबी झाला होता. आठवड्यातून तीनदा आरोग्य केंद्रात जाऊन तिथल्या ताईंसमोर मूठभर गोळ्या गिळायच्या. लघवी नारिंगी झाली तेव्हा ते घाबरून घरी आले होते. ते रिफाम्पिसिन होतं, माझ्या प्लेटांना झाक देणारं. सहा महिने त्यांनी एकही खाडा केला नाही. "एका रोगाला चार परकारच्या गोळ्या कशाला रं देत्यात, हे कुणी सांगितलंच न्हाई," ते म्हणाले. 'रं' म्हणायची त्यांची सवय आहे, मुलगी असो वा मुलगा.

सायझिंगच्या, म्हणजे सुताला खळ लावण्याच्या, बिलाच्या पाठीवर मी त्यांना वीस नळ्या काढून दाखवल्या. एका औषधाला दाद न देणारा जंतू कोटीत एखादा असतो, औषध द्यायच्या आधीच असतो. एकच औषध दिलं तर बाकीचे मरतात आणि तो मागे राहून वाढतो. १९४८ मध्ये नुसतं स्ट्रेप्टोमायसिन देऊन पाहिलं तेव्हा हेच झालं, सुधारलेले रुग्ण पुन्हा आजारी पडले. एकाच वेळी दोन-तीन औषधांना पुरून उरणारा जंतू मात्र कोटी गुणिले कोटींत शोधावा लागेल. म्हणून चार.

तात्या कागदाकडे बघत राहिले. "मागावर सूत तुटतंय तवा मालक मागाला शिव्या देतोय," ते म्हणाले. "पर सूत मागावर बिघडत न्हाई. ते बीमातच, सुताच्या गुंडाळीतच, तसं आल्यालं असतंय. सूतगिरणीत पहिल्याच खात्यात घाण झाली तर अख्खं बीम जातंय. शेवटाला झाली तर एखादा धागा."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. लुरियांना स्लॉट मशीन लागलं होतं.

मग त्यांनी कागद जवळ ओढला, चष्मा वर केला आणि १०७ वर बोट ठेवलं. दाखवण्यासाठी मी जुन्या पानासारखंच सगळं लिहिलं होतं, रेघेसकट.

"हे खोडलंयस का?"

"तेव्हा चूक वाटली होती."

"आणि ती ताटली?"

"टाकून दिली."

"टाकलीस?" तात्यांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून आईला हाक मारली. "अगं ऐकलंस का, हिनं ती टाकून दिली!"